आमच्या वहिनीची स्वच्छता

आमच्या वहिनीला पांढरा रंग दिसतच नाही. तिला दिसतं ते फक्त त्यातलं पिवळं, राखाडी आणि तेलकट. आमच्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आल्या की ती एकेक चादर दोन्ही हातांनी खिडकीपुढे धरते, मान तिरकी करते आणि एखाद्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणते, "ही परत टाका." तिथे काय आहे ते मला आजवर दिसलेलं नाही. मी डोळे फाडून बघते, चष्मा पुसून बघते आणि शेवटी निमूटपणे चादर परत टाकते. आमची गिऱ्हाइकं उगीच टिकलेली नाहीत.

मी तिची नणंद. नवऱ्याशी माझं पटलं नाही तेव्हा बॅग घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिले. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य, असं म्हणायची पद्धत आहे. वहिनीनं दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, धुवायचे कपडे वेगळे काढून ठेवा, मशीन लावतेय." एवढंच. का आलात, किती दिवस राहणार, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले. दादा, म्हणजे माझा भाऊ, गाडी घेऊन कपडे आणतो आणि पोचवतो. वहिनी मागच्या खोलीत मशीन, पिळणी आणि इस्त्रीचं टेबल सांभाळते. मी पुढे काउंटरवर बसते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडण वहिनीला जमत नाही. ती फक्त चादर पुन्हा धुते.

मागची खोली कायम वाफेनं भरलेली. भिंतीशी साबणाची पोती, ब्लीचचे कॅन आणि पांढऱ्या व्हिनेगरचे मोठे डबे. ते व्हिनेगर वहिनी शेवटच्या पाण्यात घालते, नाहीतर कपड्यात साबणाचा खार राहतो आणि कापड कडक होतं. "साबण मारायला आंबट लागतं," असं ती कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला शिकवते.

अशी ही वहिनी एकाएकी माझ्यापासून लांब बसायला लागली.

आधी मला राग आला. दुपारी काम थांबलं की आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलाशी खुर्च्या जोडून चहा प्यायचो. आता ती आपला कप घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. मी सरकले की ती उठायची. माझं काही चुकलं का, मी विचारलं. ती म्हणाली, "उकडतंय हो." बाहेर थंडी होती. मग माझ्या लक्षात आलं की ती दिवसातून दोनदा, कधी तीनदा आंघोळीला जाते आणि न्हाणीघरात जंतुनाशकाचा वास भरून राहतो. आपण फरशी पुसायच्या पाण्यात टाकतो तसलं, पाण्यात पडलं की दुधासारखं होणारं ते औषध. लादी तर मी पुसत होते. मग ही बाटली एवढी संपते कशी?

मी एक दिवस तिला न्हाणीघराच्या दारातच अडवलं. "वहिनी, काय होतंय तुला? खरं सांग, नाहीतर दादाला बोलावते."

तिनं खाली बघितलं. "अंगावरून जातं," ती म्हणाली. "पातळ, राखाडी. आणि वास येतो वन्सं. मासळीसारखा. कितीही धुतलं तरी येतो. तुम्हाला येत असेल ना?"

मला कसलाही वास येत नव्हता. पण तिला वाटत होतं की लाँड्रीतल्या सगळ्यांना येतो, गिऱ्हाइकांना येतो, दादालाही येतो आणि सगळे भिडेखातर गप्प आहेत. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ आतून धुवत होती. एक छोटा रबरी पंप घेऊन, जंतुनाशक पाण्यात मिसळून. आणि हे आजचं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं बजावलं होतं, सासरी कुणाला वास जाता कामा नये. तेव्हापासून ती साबणाच्या पाण्यानं धुवायची, आणि वास वाढला तसा साबण सोडून जंतुनाशकावर आली. इतकी वर्षं एका घरात राहून मला याचा पत्ता नव्हता. सासू म्हणून माझी आई तिला कधी घालूनपाडून बोलली नाही, दादा नाही, मी नाही. तिच्या डोक्यात मात्र ते वाक्य ठाण मांडून बसलं होतं.

"दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"एवढं बरं झालं की जाऊ."

आता याला काय म्हणावं! बरं झाल्यावर दवाखान्यात जाणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. दुखणं अंगावर काढायचं आणि वर त्याला सोशिकपणा म्हणायचं, याची मला मनस्वी चीड आहे. मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर 'बंद' अशी पाटी लावली आणि तिला हाताला धरून नेलं.

दवाखान्यात तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होत होती. सिस्टरनं सगळं नीट समजावलं. एका मऊ ब्रशनं तिथल्या थोड्या पेशी घ्यायच्या, दुखत नाही, पटकन होतं. फक्त तपासणीच्या आधी दोन दिवस आतून काही धुवायचं नाही, औषध लावायचं नाही. तारीख मिळाली. वहिनीनं मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

त्या तारखेला सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका शांत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. तपासणी झाली. काही दिवसांनी निरोप आला की नमुना वाचता येत नाही, पेशी पुरेशा नाहीत, पुन्हा या.

"धुतलंस ना?" मी विचारलं.

"अहो, पण तशीच कशी जाणार?" ती कळवळून म्हणाली. "डॉक्टरीणबाई समोर बसणार, दिवा लावणार. आपण घरी पाहुणे येणार म्हटलं तरी झाडून घेतो की नाही?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पाहिलेत. हिनं तर भांडंच घासून पुसून नेलं होतं. मला हसूही आलं आणि डोक्यात सणकही गेली. पुढच्या तारखेच्या आधी मी जंतुनाशकाची बाटली आणि तो रबरी पंप माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवले. दोन दिवस वहिनी घरात अशी वावरली की जणू तिला अंगावर काही न घालता बाजारात उभं केलंय. तपासणीच्या टेबलावर चढताना तिनं डॉक्टरीणबाईंची तीनदा माफी मागितली.

"कशाची माफी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनीनं चौथ्यांदा माफी मागितली.

या वेळचा नमुना वाचता आला, आणि वाचता आला नसता तर बरं असं मला क्षणभर वाटलं. एचपीव्ही नावाचा विषाणू होता, कर्करोगाशी संबंध असलेल्या प्रकारातला. पेशींत थोडा बदल दिसत होता. शिवाय योनीतल्या जंतूंचा सगळा तोल गेलेला. मग डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं, आंबट वासाचं पाणी लावून. बिघडलेल्या पेशी त्या पाण्यानं पांढऱ्या दिसतात म्हणे. कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या समोर बसलो होतो आणि वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

"कर्करोग नाही," डॉक्टरीणबाई आधी एवढंच म्हणाल्या आणि थोडं थांबल्या. मला त्या बाईचं हे फार आवडलं. "बदल सौम्य आहे. आत्ता काही कापायचं नाही. वर्षभर थांबू आणि पुन्हा बघू. विषाणू गेला तर हा बदलही बहुतेक मागे फिरेल. राहिला आणि बदल वाढला तर तेवढा भाग काढावा लागेल. तोही छोटा उपाय आहे, पण तशी वेळ न आलेली बरी."

"आणि काढलाच नाही तर?" मी विचारलं.

"मग पुढे जाऊन कर्करोग होऊ शकतो. म्हणून तर तारीख चुकवायची नाही."

वहिनीनं खालच्या मानेनं विचारलं, "हा आला कुठून?"

हा प्रश्न माझ्याही जिभेवर होता. विषाणू शरीरसंबंधातून येतो एवढं मी बाहेरच्या पोस्टरवर वाचलं होतं, आणि दादा घरी आला की त्याला गरम इस्त्री घेऊनच विचारायचं असं मी ठरवून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "कुणाकडून, कधी, ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तुमच्या लग्नाच्याही आधीचा, तुमचा किंवा त्यांचा, काहीही असू शकेल. आणि हा इतका सगळीकडे आहे की बहुतेकींना आयुष्यात एकदा तरी होतो. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवतं. भांडण्यासारखं त्यात काही नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझी इस्त्री तिथेच थंड झाली.

"मग माझा का जात नाही?"

"जाईलही. पण तुम्ही त्याला राहायला जागा करून देताय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आतमध्ये चांगले जंतू असतात. ते आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात दुसऱ्या जंतूंना माजता येत नाही. तुम्ही रोज धुऊन त्यांनाच काढून टाकता. मग दुसरे जंतू माजतात, राखाडी पाणी जातं, वास येतो, आतलं अस्तर चिडतं. अशा ठिकाणी हा विषाणू जास्त काळ मुक्काम ठोकतो असं दिसून आलंय. सगळं धुण्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण वास येतो म्हणून तुम्ही धुता, आणि धुता म्हणून वास येतो, हे नक्की."

वहिनी मग म्हणाली, "म्हणजे मी काय करायचं?"

"या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, वास गेला तरी मध्येच सोडायच्या नाहीत. बाहेरून साधं पाणी. आतून काहीही नाही. त्याची काळजी ते स्वतः घेतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

येताना वहिनी झपाझप माझ्यापुढे चालत राहिली. कर्करोगाच्या भीतीनं ती धास्तावली असेल असं मला वाटलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, "वन्सं, वर्षभर? काहीच न करता?" मरणाच्या भीतीपेक्षा तिला त्याचंच जास्त ओझं झालं होतं.

दादाला तिनं स्वतः सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होते आणि कान टवकारले होते, खोटं कशाला बोलू. दादा मग म्हणाला, "माझ्याकडून आला असेल तर?"

"असेल. नसेलही. डॉक्टर म्हणतात, कळत नाही."

"मग तुला दुसऱ्या खोलीत झोपायची काय गरज होती इतके दिवस? मला वाटलं, माझ्या घोरण्याचा वैताग आला."

"घोरण्याचाही आलाय," वहिनी म्हणाली. ती बऱ्याच दिवसांनी हसली. दादा उठला आणि माझ्या कपाटाची किल्ली मागायला आला. ती बाटली आणि तो पंप त्यानं स्वतः नेऊन कचऱ्यात टाकला. माझा भाऊ बोलायला दगड आहे, पण एखादी गोष्ट करतो तेव्हा बरी करतो.

गोळ्यांनी वास गेला. वहिनी माझ्या शेजारी चहा प्यायला लागली. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. कसलं काय! महिनाभरानं ती चालताना पाय जरा फाकवून टाकायला लागली, आणि एकदा न्हाणीघरात मी साबण शोधत असताना बादलीमागे मला डबा सापडला. लाँड्रीतला पांढऱ्या व्हिनेगरचा डबा.

मी तो तसाच उचलून मागच्या खोलीत नेला आणि इस्त्रीच्या टेबलावर आदळला.

"हे काय आहे?"

"व्हिनेगर," वहिनी म्हणाली.

"ते मलाही कळतं. न्हाणीघरात काय करत होतं?"

तिनं इस्त्री बाजूला ठेवली. आपण काही चुकलोय असं तिच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं. "वन्सं, त्याच म्हणाल्या ना, आत आंबट पाहिजे. इतकी वर्षं साबण घातला, म्हणजे खार बसला असणार. शेवटचं पाणी आंबटच घालावं लागतं. आणि त्यांनी स्वतः तपासताना तेच लावलं, तुम्ही नव्हतात का? मला वासावरून लगेच कळलं. मी थोडंसंच घालते, पाण्यात."

सुतावरून स्वर्ग गाठावा तर आमच्या वहिनीनं! मी ओरडणार होते, पण तिचा युक्तिवाद इतका सरळ होता की मला कुठून सुरुवात करावी ते कळेना. आयुष्यभर जे करून कापड वाचवलं, तेच ती अंगाला करत होती. आळस नव्हता, हट्ट नव्हता. हात रिकामे ठेवून बसणं या बाईला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आग होते ना?" मी विचारलं.

"होते," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, लागू पडतंय."

रोग परवडला, इलाज नको, तो हा असा. पुन्हा दवाखाना. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी तपासून सांगितलं की आतून सोललंय, राखाडी पाणी परत सुरू झालंय आणि गोळ्या पुन्हा घ्याव्या लागतील. तपासताना लावलेलं पाणी एकदाच, बघण्यापुरतं होतं. "आंबट वरून ओतायचं नसतं," त्या म्हणाल्या. "ते जंतूच हळूहळू तयार करतात. त्यांना परत वस्ती करायला वेळ द्या. तुम्ही रोज जाऊन पाणी ओतलंत तर ते बसतील कुठे?"

"आणि तोपर्यंत वास आला तर?"

"तर माझ्याकडे यायचं. धुवायला नाही जायचं, माझ्याकडे यायचं."

त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. एक बाई चादरी धुते, खिडकीपुढे धरते, परत टाकते. पण संध्याकाळी काम संपलं की ती न्हाणीघराच्या दाराशी घुटमळायची, आणि मी तिला हाक मारायची. काहीही सांगायची. हिशेब जुळत नाहीये, बटण तुटलंय, अमुक गिऱ्हाईक कसलं आगाऊ आहे. कधी ती यायची. कधी दारातच उभी राहून म्हणायची, "वन्सं, आज खूप घाण वाटतंय." मग मी तिच्याजवळ जाऊन बसायची, अगदी खेटून. तोंडानं कितीही समजावलं तरी तिला पटलं नसतं. मी जवळ बसले की पटायचं, निदान त्या संध्याकाळपुरतं.

एकदा ते राखाडी पाणी पुन्हा आलं. या वेळी ती स्वतः चप्पल घालून निघाली आणि मला म्हणाली, "तुम्ही काउंटर बघा, मी दवाखान्यात जाऊन येते." मी मागून बघत राहिले. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कर्तृत्वाचा वाटलेला नाही, तसं कर्तृत्व फारसं नाहीही.

वर्ष संपलं आणि तपासणीची तारीख आली. त्या दिवशी सकाळी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला, वहिनी कोपरापर्यंत साबणात, आणि दादा हातोडी शोधत होता. निघायला उशीर झाला. तिनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि कामाच्या कपड्यांतच निघाली. टेबलावर चढताना तिनं कुणाची माफी मागितली नाही.

निकालाला आठवडाभर लागला. त्या आठवड्यात वहिनीनं एकही चादर परत टाकली नाही. तिचं लक्षच नव्हतं. माझं तर गिऱ्हाइकांशी भांडणसुद्धा नीट होईना. कापायला लागलं तर काय, वाढलं असेल तर काय, त्या व्हिनेगरानं काही बिघडवलं असेल तर काय. आम्ही दोघी एकमेकींना "काही नसणार" म्हणायचो आणि दोघींनाही एकमेकींचं खरं वाटायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "विषाणू सापडला नाही," त्या म्हणाल्या. "पेशीही नेहमीसारख्या आहेत. पुन्हा एकदा पुढच्या वर्षी बघू, पण आज काही करायचं नाही."

मी तेच वाक्य त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

वहिनीनं विचारलं, "त्या गोळ्यांनी गेला का?"

"नाही. गोळ्या त्या दुसऱ्या जंतूंसाठी होत्या. विषाणूला मारणारी गोळी नाही. तो तुमच्या शरीरानं घालवला."

"पण मी तर काहीच केलं नाही," वहिनी म्हणाली.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अवघड गेलं असेल."

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर वहिनी एकदम बसली. माणसं वरखाली करत होती, तिला वळसा घालून जात होती. मीही तिच्या शेजारी बसले. ती समोर बघत होती. मग तिनं लहान मुलीसारखं विचारलं, "वन्सं, म्हणजे माझ्यात घाण नव्हतीच?"

"नव्हतीच, वहिनी. कधीच नव्हती."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ते तिनं पुसलं नाही.

"मग इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी काय धुवत होते हो?"

मी तिचा हात हातात घेतला, आणि ती रडायची थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.